चाखणिसांची जीभ आणि मधुनाशिनीचा वेल

चाखणिसांच्या रक्तात साखर निघाली, ही बातमी चाखणिसांच्या आधी अख्ख्या बिल्डिंगला कळली. लॅबच्या माणसाने रिपोर्टचं पाकीट तळमजल्यावरच्या पोस्टमास्तरांकडे ठेवलं. पोस्टमास्तर नोकरीतून निवृत्त झाले होते, पण पाकीट हातात आलं की ते उजेडाकडे धरून बघायची त्यांची सवय अजून कामावर होती. संध्याकाळी चाखणीस कारखान्यातून परतले तेव्हा जिन्यात भेटलेल्या तीन जणांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यावरून त्यांना वाटलं की आपण पँट उलटी घातली आहे.

चाखणीस हे त्यांचं आडनाव नव्हे. बिस्किटांच्या कारखान्यात ते बावीस वर्षं चव बघण्याचं काम करत होते, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पाहुण्यांना त्यांची बायको "हे क्वालिटीत आहेत" एवढंच सांगायची. पूर्वी एकदा तिने "हे बिस्किटं चाखतात" असं खरं सांगितलं होतं, तर पाहुण्यांनी "ते झालं, पण नोकरी कुठे करतात?" असं विचारलं. तो घाव चाखणीस अजून विसरले नव्हते.

खरं तर काम जोखमीचं होतं. रोज सकाळी दहाला एका छोट्या खोलीत पांढऱ्या बश्या मांडल्या जायच्या. चाखणिसांनी आदल्या दिवसापासून कांदा, लसूण, मिरची तोंडाला लावलेली नसायची. आधी चूळ, मग बिस्किटाचा तुकडा, मग डोळे मिटून चावणं, मग तो तुकडा बाजूच्या भांड्यात थुंकणं, मग पुन्हा चूळ आणि पुढची बशी. चुळीचं पाणी घरचंच लागायचं. कारखान्याच्या पाण्याला नळाच्या गंजाची चव होती; ती बाकी कुणाला कळत नसे, यांना कळायची. म्हणून बायको रोज सकाळी पाणी उकळून, गाळून, कोमट करून स्टीलच्या थर्मासमध्ये भरून द्यायची.

आता, थुंकायचा नियम होता हे खरं. पण नीट भाजलेलं, खुसखुशीत बिस्किट थुंकणं चाखणिसांच्या जिवावर यायचं. वाईट बिस्किट ते नियमाप्रमाणे थुंकत, आणि कारखाना चांगला असल्यामुळे वाईट बिस्किटं कमी निघत. बावीस वर्षांचा हा इमानी कारभार शेवटी रिपोर्टात उतरला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोड बंद, चालणं सुरू, तीन महिन्यांनी या." शेजाऱ्यांना एवढ्या छोट्या औषधाने समाधान होईना. एकाने उलटं चालायला सांगितलं. दुसऱ्याने रडायला सांगितलं, रडल्याने साखर डोळ्यांवाटे जाते म्हणे. पोस्टमास्तरांनी मात्र खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"मधुनाशिनी लावा."

"म्हणजे?"

"वेल आहे. रानात झाडांवर चढतो. जुने वैद्य साखरेवर याचा पाला द्यायचे. कोणी चावून खातं, कोणी काढा करतं. आमचे मेहुणे रोज दोन पानं खायचे."

"फरक पडला?"

"पडत आला होता. पण ते गेले."

"अरेरे!"

"अरेरे काय? मुलाकडे गेले राहायला. तिकडे वेल कुठून आणणार!"

डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं तर त्या म्हणाल्या, "औषधं चालू असतील त्यांनी असलं काही परस्पर घेऊ नये. तुम्हाला अजून औषध नाही. पण पाला खा नाहीतर पालापाचोळा खा, गोड बंद." बायकोने यातला सोयीचा भाग उचलला. तिने तह केला: कारखान्यातली बिस्किटं सुटत नसतील तर निदान पाला खायचा. चाखणिसांनी तह आनंदाने मान्य केला. नर्सरीतून रोप आलं, गॅलरीत तेलाच्या डब्यात लागलं, आणि पावसापाण्याचे चार महिने गेल्यावर एका रविवारी पोस्टमास्तरांच्या देखरेखीखाली चाखणिसांनी पहिली दोन पानं चावली.

"कडवट आहे थोडं," ते म्हणाले.

"आता साखर खा."

बायकोने चमचाभर साखर दिली. चाखणिसांनी ती जिभेवर घेतली आणि त्यांचा चेहरा पडला. तोंडात वाळू होती. गोडाचा मागमूस नाही. त्यांनी मध चाटला, तो गोंदासारखा लागला. केळं खाल्लं, ते ओल्या पुठ्ठ्यासारखं. पोस्टमास्तर टाळ्या पिटत होते, "बघा! गोड कळतच नाही, मग माणूस खाईल कशाला?" आणि चाखणीस बैठकीच्या खोलीत गॅलरीच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत फेऱ्या मारत होते. बाकीच्यांची जीभ गेली तर एक मजा गेली. यांची जीभ गेली तर घराची चूल गेली. दर दोन मिनिटांनी ते चिमूटभर साखर तोंडात टाकून बघत. पाऊण तासाने गोडी परत आली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. तोवर सगळी मिळून एवढी साखर पोटात गेली होती की पाला फुकट गेला.

त्या दिवशी त्यांनी मनाशी शपथ घेतली की हे पान पुन्हा जिभेला लावायचं नाही. पण बायकोला सांगायचं कसं? सांगितलं तर तह मोडतो आणि बिस्किटं जातात. म्हणून रोज सकाळी बायको दोन पानं हातावर ठेवायची, चाखणीस ती तोंडाशी नेऊन जबडा हलवायचे आणि जिना उतरता उतरता मुठीतली पानं पँटच्या खिशात टाकायचे. महिनाभराने बायकोने ती पँट धुवायला घेतली. खिशातून सुकलेल्या पाल्याची एक गादीच निघाली. ती काही बोलली नाही. चाखणिसांनी इथेच सावध व्हायला हवं होतं. न बोलणारी बायको ही त्यांच्या संसारात फार दुर्मीळ गोष्ट होती.

पण सावध व्हायला त्यांना सवड कुठे होती! तिकडे वेलाने वेगळाच उद्योग आरंभला होता. तेलाच्या डब्यातून निघून तो गॅलरीच्या गजांवर गेला, तिथून पाइपवर, आणि एक दिवस वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या कपड्यांच्या दोरीवर पोचला. वरच्या बाई हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि तक्रार लेखी करणाऱ्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस फलकावर लावली. टाकी धुवायची नोटीस गेला महिनाभर तिथे होतीच, तिच्या शेजारी ही: "सदर वेल वरील मजल्यावर अनधिकृत चढला असून तक्रारदारांच्या गुलाबाच्या कुंडीत त्याने बिनपरवाना मूळ धरले आहे. तो विषारी नसल्याचा दाखला पंधरा दिवसांत सादर करावा, अन्यथा तोडण्यात येईल."

खरं सांगायचं तर वेल तोडला असता तर चाखणिसांनी मनातल्या मनात पेढे वाटले असते. पण फलकावर आपल्या फ्लॅटचा नंबर बघून त्यांचं डोकं फिरलं. बावीस वर्षांत त्यांच्या नावाची एक नोटीस नाही, आणि आता ही, टाकीच्या शेजारी!

"दाखला पाहिजे ना? आणतो दाखला!" ते जिन्यात गरजले. तिथे कुणीच नव्हतं, तरी.

उद्यान खात्यातल्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. फॉर्म झाडांचा होता.

"खोडाचा घेर?"

"वेल आहे हो. करंगळीएवढा."

"करंगळी लिहिता येत नाही. सेंटिमीटर सांगा. आणि छायेत किती माणसं बसतात?"

"करंगळीच्या छायेत?"

"मग शून्य लिहितो. शून्य लिहिलं की साहेब परत पाठवतात. तुम्ही दोन लिहा."

चाखणिसांनी दोन लिहिलं. मग कारकुनाने विचारलं, पाला खाता का? खातो म्हटल्यावर तो म्हणाला, खाण्याचं असेल तर आरोग्य खातं. आरोग्य खात्याने सांगितलं, बाटलीत भरून विकत नसाल तर आमचा संबंध नाही, परत उद्यानात जा. अर्ज शेवटी उद्यान खात्यातच पडला आणि त्याला एक पावती मिळाली. अर्ज प्रलंबित असेपर्यंत वेल तोडता येत नाही असं पोस्टमास्तरांनी जाहीर केलं. अशा रीतीने जो वेल चाखणिसांना नको होता, त्याला आता सरकारी संरक्षण मिळालं होतं.

आणि नेमकं तेव्हाच कारखान्यात यंत्र आलं.

मोठे मालक होते तोवर चाखणिसांची मान हलली की भट्टी चालायची. धाकटे मालक शिकून आले होते. त्यांनी पेटीएवढं एक यंत्र मागवलं, बरोबर एक इंजिनियर आला. बिस्किटाचा भुगा आत घातला की यंत्र साखर किती ते सांगायचं आणि हिरवा दिवा लावायचा. धाकटे मालक अगदी गोड बोलून म्हणाले, "काका, गुरुवारी एक चाचणी घेऊ. नव्या बिस्किटाच्या तीन बश्या. एकीकडे तुमची जीभ, एकीकडे हे यंत्र. तुमचं बरोबर निघालं तर प्रश्नच नाही. नाहीतर पॅकिंगमध्ये तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची गरज आहेच."

पॅकिंग! खोक्यांना चिकटपट्टी लावायची! चाखणिसांना चैन पडेना. ते बसून पेपर वाचत, उठत, गॅलरीत जात, वेलाकडे बघून परत येत. जीभ टाळूला लावून बघत, दातांवरून फिरवून बघत. चहा पिताना एक घोट घेऊन डोळे मिटत. बायकोने विचारलं, "काय होतंय?" तर "काही नाही" म्हणत. यंत्राचं त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. यंत्राशी आपली स्पर्धा लागली आहे हे सांगायला त्यांना लाज वाटत होती.

गुरुवारी त्यांनी साधा दही-भातसुद्धा टाळला, कोरडी पोळी खाल्ली आणि बायकोने दिलेला थर्मास घेऊन निघाले. खोलीत धाकटे मालक, इंजिनियर आणि भट्टीचे दोन फोरमन उभे होते. टेबलाच्या एका टोकाला यंत्र, दुसऱ्या टोकाला चाखणीस. त्यांनी थर्मासच्या झाकणात पाणी ओतलं आणि मोठ्या कामाच्या दिवशी भरायची ती लांब चूळ भरली. पाण्याला जरा पाल्याचा वास आला. 'टाकी धुतली नाही अजून, आणि माझ्या वेलाला नोटीस,' असं मनात म्हणून त्यांनी चूळ थुंकली.

पहिल्या बशीतलं बिस्किट त्यांनी चावलं. गोड नव्हतं.

अजिबात गोड नव्हतं. म्हणून तोंड आणखी स्वच्छ करायला त्यांनी पुन्हा चूळ भरली आणि पुन्हा तुकडा घेतला. आता तर पहिल्यापेक्षाही गोड नव्हतं. यंत्राने दिवा लावला होता, हिरवा. तिसरी चूळ. घामाने कॉलर भिजली. बाजूच्या वाटीतली चिमूटभर साखर त्यांनी जिभेवर घेतली, आणि ती वाळू त्यांनी लगेच ओळखली.

"साहेब, पाच मिनिटं," असं म्हणून ते थर्माससकट बाहेर गेले आणि घरी फोन लावला.

"पाण्यात काय घातलंस?"

"पाला," बायको शांतपणे म्हणाली. "आजपासून उकळून घालतेय. खिशातून काढा निघत नाही ना, म्हणून. निदान पोटात तरी जाईल म्हटलं."

"पोटात कुठला? मी ते पाणी पीत नाही! चूळ भरून थुंकतो!"

पलीकडे ओट्यावर भांडं आपटल्याचा आवाज आला.

"बावीस वर्षं?" बायकोने विचारलं. "बावीस वर्षं मी सकाळी उठून पाणी उकळते, दोनदा गाळते, हाताला लावून कोमट झालं का बघते. ते तुम्ही थुंकता?"

"अगं, कामच आहे ते..."

"आणि बिस्किटं गिळता!"

पकडले गेले की चाखणिसांचा आवाज चढायचा. "तो वेल कापून टाक!" ते ओरडले. "आत्ताच्या आत्ता! माझी नोकरी घालवली त्याने!" बायकोने फोन ठेवला.

चाखणीस खोलीत परतले. पळून जाता आलं असतं, तीनही बश्यांना मान हलवून मोकळं होता आलं असतं, यंत्राने दिवे लावलेच होते. पण बावीस वर्षांत जे जिभेला कळलं नाही ते तोंडाने बोलायची सवय नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली. गोड नाही तर नाही, उरलेली जीभ आपलीच आहे, म्हणून त्यांनी दुसऱ्या बशीतला तुकडा चावला, आणि ताबडतोब थुंकला. मग बोटाने जिभेचं टोक पुसून पुन्हा एक तुकडा घेतला.

"साहेब," ते म्हणाले, "आधी एक खरं सांगतो. मला आज गोड कळत नाहीये. साखरेचं तुमच्या यंत्राला विचारा."

इंजिनियर हसला.

"पण दुसऱ्या बशीतला माल पाठवू नका. यात तूप खवट आहे. आणि सोडा जास्त आहे, साबण लागतोय."

धाकट्या मालकांनी त्याच बशीतलं एक बिस्किट खाल्लं. "छान तर लागतंय, काका."

"साखर लागतेय तुम्हाला. साखरेखाली काय आहे ते लागत नाही." असं म्हणून चाखणिसांनी थर्मासचं झाकण भरून पुढे केलं. "हे तोंडात धरा. पन्नास म्हणेपर्यंत. पिऊ नका, थुंका. मग खा."

मालकांनी संशयाने चूळ भरली, गाल फुगवून पन्नास पूर्ण केले आणि बिस्किट चावलं. त्यांचा चेहरा असा झाला की फोरमनने न सांगता थुंकायचं भांडं पुढे केलं. मग फोरमनने चूळ भरली. मग दुसऱ्या फोरमनने. शेवटी इंजिनियरनेही भरली, आणि चार सुशिक्षित माणसं गाल फुगवून एकमेकांकडे बघत उभी राहिली. तासाभरात गोदामातला तुपाचा नवा डबा उघडला, तेव्हा डब्याजवळ उभं राहायलासुद्धा कुणी तयार होईना. यंत्राचा हिरवा दिवा अजून लागलेलाच होता. त्याला साखर विचारली होती, त्याने साखर सांगितली.

"काका," धाकटे मालक म्हणाले, "यंत्र साखर बघेल, बाकी तुम्ही. आणि हे पाणी रोज आणा. बिस्किटाची खरी परीक्षा आता याच पाण्यावर."

चाखणीस घराकडे अक्षरशः पळत निघाले. वाटेत तीनदा फोन लावला, बायकोने उचलला नाही. बिल्डिंगच्या दारात सेक्रेटरी उद्यान खात्याचं पत्र घेऊन उभे होते. "अभिनंदन. वेल विषारी नाही. शिवाय त्याच्या छायेत दोन नागरिक बसत असल्यामुळे तो तोडायला सक्त मनाई आहे. सोमवारी पाहणीला येणार आहेत."

गॅलरीत तेलाचा डबा होता. डब्यात बोटभर खुंट होता. गजांवर काही नव्हतं, पाइपवर काही नव्हतं. बायको भाजी निवडत बसली होती.

"कापला?"

"कापला. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही. मला राग आला म्हणून."

चाखणिसांनी वर बघितलं. वरच्या बाईंच्या गजांमध्ये मात्र हिरवागार पाला डुलत होता. गुलाबाच्या कुंडीत बिनपरवाना धरलेलं ते मूळ! ते एका दमात जिना चढून गेले. वरच्या बाईंनी दार उघडलं ते साखळी लावूनच.

"तो माझा वेल आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या कुंडीत आहे. तक्रार केली तेव्हा त्याचा गुण माहीत नव्हता, आता मीही दोन पानं घेते रोज. तुमच्या बायकोने खालून कात्री चालवली तेव्हा मी वरून ओरडून थांबवलं."

"रोज थोडा पाला मिळाला असता तर..."

"मिळेल की. अर्ज करा. लेखी. सेक्रेटरींमार्फत."

चाखणीस खाली आले, टेबलाशी बसले आणि कोरा कागद पुढे ओढला. 'सादर विनंती' एवढं लिहून झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं. बायको अजून भाजीच निवडत होती आणि त्यांच्याकडे बघत नव्हती. पिशवीतून त्यांनी थर्मास काढला. तळाशी कपभर पाणी उरलं होतं, सकाळचं, आता गार झालेलं. ते त्यांनी कपात ओतलं आणि तिच्या समोर जाऊन बसले.

"मला यंत्राची भीती वाटत होती," ते म्हणाले. "तुला सांगितलं नाही. काढून टाकणार होते मला. तुझ्या पाण्याने वाचलो."

"चुळीने," बायको म्हणाली.

चाखणिसांनी कप तोंडाला लावला आणि सगळं पाणी एका दमात प्यायलं. कडू होतं, शिळं होतं, त्यात पाल्याचा चोथा होता. बायको हातातली भाजी तशीच धरून त्यांच्या गळ्याकडे बघत होती. घोट खाली उतरलेला तिने नीट बघितला.

"उद्या किती वाजता उकळू?" तिने विचारलं.